कवड्याच्या पेटीत कोण आहे?

“अंडं! हरणटोळाच्या पुढ्यात अंडं!”

भोंग्याचा आवाज दालनाच्या छताला जाऊन धडकला आणि तिथून परत खाली आला. शिडीवर उभे राहून कागदी झिरमिळ्या टांगणारे सजावटकार काका इतके दचकले, की अर्ध्या झिरमिळ्या त्यांच्याच गळ्यात पडल्या.

“अरे, हळू! सापांना बाहेरचे कान नसतात, आम्हाला आहेत!” त्याची ताई कानांवर हात ठेवत म्हणाली.

या ताईला सगळे ‘चौकशी’ म्हणत, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत तिचे प्रश्न संपत नसत. ती बारा वर्षांची, भोंग्या दहाचा. सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती. मावशीची मुलगी मुंगी अकरा वर्षांची होती. ती बोलायची कमी आणि मोजायची जास्त. जिने चढताना पायऱ्या, जेवताना घास, आणि या सुट्टीत सापांचे खवले!

मावशी प्राणी-संग्रहालयात सर्प-विभागाची प्रमुख होती. संग्रहालयाच्या मागच्या बाजूलाच तिचं घर होतं. त्यामुळे मुलांचा मुक्काम गेले अकरा दिवस जवळजवळ सापांच्याच दालनात होता. दालनाला नवा रंग दिला होता, नवे दिवे लावले होते आणि आज चार वाजता त्याचं थाटात उद्घाटन होतं. नेमकी आज सकाळी मावशीची दाढ ठणकायला लागली! गाल धरून, “दोन तासांत येते, कशाला हात लावू नका,” असं बजावून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली, ती तीन वाजले तरी परतली नव्हती.

“काय बिघडलं अंड्यानं?” सजावटकार काका शिडीवरून उतरत म्हणाले. अंगावर सोनेरी रंगाचे शिंतोडे, खिशात सोनेरी कुंचला. “पाटीवर काय लिहिलंय वाच. ‘अंडीखाऊ’. म्हणून मीच ठेवलं अंडं. शोभा आली की नाही?”

“पण काका, हा अंडीखाऊ नाहीच! हा हरणटोळ आहे,” चौकशी म्हणाली. “बघा ना, हिरवागार, दोरीसारखा. पेन्सिलीएवढं तोंड! तो सरडे खातो. त्या अंड्यात तोच मावेल!”

पेटीतला हरणटोळ अंड्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू कुणी त्याच्या खोलीत न विचारता कपाट आणून ठेवलं होतं.

मुलांनी भराभर बाकीच्या पेट्या पाहिल्या. आणि मग काय विचारता! पाण्यावाचून न करमणारी दिवड कोरड्या फांदीवर बसवली होती, तिच्यावर पाटी होती ‘रुका’. खरा रुका, जो झाडावरून खाली उतरायला राजी नसतो, तो पाण्याच्या टबात! दिवसभर झोपणारा मांजऱ्या सगळ्यांत प्रखर दिव्याखाली डोळे मिटायला पापण्या नाहीत म्हणून हताश पडला होता. आणि दोन मीटर लांबीच्या धामणीवर पाटी होती हातभर लांबीच्या ‘नानेटी’ची!

“काका, पाट्या लावल्या तरी कशा तुम्ही?”

“कशा म्हणजे? अक्कल लावून!” काका छाती फुगवून म्हणाले. “पेट्या लावल्या रंगाप्रमाणे. हिरव्याशेजारी तपकिरी, तपकिरीशेजारी काळा. आणि पाट्या लावल्या लांबीप्रमाणे. मोठी नावं मधे, छोटी नावं कडेला. लांबून बघ, कसं डौलदार दिसतंय!”

“सापांची नावं लांबीप्रमाणे!” भोंग्या पुन्हा ओरडणार होता, पण ताईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मुंगी मात्र बोटं मोजत उभी होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“बारा,” ती म्हणाली.

“बारा काय?”

“फळीवर बारा पेट्या आहेत. काल संध्याकाळी अकराच होत्या. कवड्या कात टाकतोय म्हणून आईनं त्याची पेटी मागच्या खोलीत ठेवली होती.”

“हां, तीच ना!” काका खूश होऊन म्हणाले. “बारा पाट्या आणि पेट्या अकरा. फळीवर भोक पडल्यासारखं दिसत होतं. मी संचालकसाहेबांकडून किल्ली घेतली आणि मागच्या खोलीतून आणली. काळा साप, अंगावर पांढरे पट्टे, अगदी फळीवर शोभून दिसणारा. आणि किती गुणी हो! वेटोळं घालून, तोंड लपवून बसलाय. हललासुद्धा नाही.”

तिघांनी शेवटच्या पेटीकडे पाहिलं. झगझगीत सोनेरी पाटीवर लिहिलं होतं : ‘कवड्या. बिनविषारी. हाताळण्यास योग्य.’ हाच साप आज उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांच्या हातात द्यायचं साहेबांनी ठरवलं होतं.

“ताई,” भोंग्या या वेळी खरोखरच हळू बोलला, “मागच्या खोलीत अजून एक पेटी होती ना?”

तिघं मागच्या खोलीकडे धावत सुटली. दार उघडंच होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर, अंगावर जुनी कात आणि डोळ्यांवर दुधाळ पडदा घेऊन, खरा कवड्या आपल्या पेटीत शांत पडला होता. आणि समोरचं टेबल, ज्याच्याजवळ जायला मावशीनं सक्त मनाई केली होती, ते रिकामं होतं!

चौकशीनं केराची टोपली उपडी केली. सोनेरी कागदाच्या कपट्यांमधून एक लाल कागद बाहेर पडला. त्यावर मावशीचं अक्षर. ते अक्षर वाचता येणारी जगात एकच व्यक्ती होती.

मुंगीनं वाचलं, “‘मण्यार. अत्यंत विषारी. पेटी उघडू नये. उद्या जंगलात सोडायची.’”

कोण्या घराच्या न्हाणीघरात सापडलेली ती मण्यार मावशीनं परवाच आणली होती. ‘दिवसा मऊ मऊ पडून राहते, म्हणून लोक फसतात,’ मावशीनं सांगितलं होतं. ‘चावली तर दुखतसुद्धा नाही, आणि तेच वाईट.’

“कदाचित काकांनी नुसताच कागद काढला असेल. आधी खात्री करू,” चौकशी म्हणाली. “मावशीनं सांगितलेलं आठव. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट.”

“आणि मण्यारीचे उलटे. शेपटीकडे ठळक,” मुंगी म्हणाली. “शिवाय पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ.”

मुंगीनं भिंग घेतलं आणि काचेला नाक न लावता, दोन्ही हात पाठीमागे ठेवून, पेटीत पाहिलं. वेटोळ्यातून शेपटीचा भाग बाहेर दिसत होता. पांढरे पट्टे जोडीजोडीनं, रंगवल्यासारखे स्वच्छ! मानेकडे मात्र नुसता काळा रंग. आणि पाठीवर मधोमध षटकोनी खवले, फरशी बसवावी तसे.

“मण्यारच आहे,” ती म्हणाली.

चौकशीनं कचेरीतल्या फोनवरून मावशीला फोन लावला.

“मावशी, मी बोलतेय! फार महत्त्वाचं आहे!”

“हॅवो? ओंड ढुललंय,” पलीकडून आवाज आला.

“कोण झुललंय?”

“तोंड सुजलंय म्हणतेय,” मुंगीनं भाषांतर केलं. “आई, तू बोलू नकोस. हो असेल तर फोनवर एकदा टकटक कर, नाही असेल तर दोनदा. पट्टे शेपटीकडे ठळक असतील तर मण्यारच ना?”

टक.

“ती कवड्याच्या जागी दालनात ठेवलीय. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात देणार आहेत!”

पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला.

“आम्ही पेटी उचलून मागे नेऊ का?”

टकटक टकटक टकटक टकटक! फोन फुटतो की काय असं वाटलं. मग “ईई ईए!” असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

“मी येते, असं म्हणाली,” मुंगी म्हणाली. “पण तिथून यायला अर्धा तास लागतो. आत्ता साडेतीन झालेत.”

“म्हणजे पेटीला हात न लावता अर्धा तास सगळ्यांना थोपवायचं,” चौकशी म्हणाली. “चला, साहेबांकडे!”

संग्रहालयाचे संचालक आरशासमोर भाषण म्हणून बघत होते. मुलांचं बोलणं त्यांनी अर्ध्यातच तोडलं.

“पाट्या बदलल्या? अगं, सगळे एकाच कुळातले ना? तुझी मावशीच म्हणते, कोलुब्रिडी की काय ते. मग आडनाव एकच झालं. पाटी इकडची तिकडे झाली म्हणून काय आभाळ कोसळतं का?”

“साहेब, त्या कुळात दोन हजारांच्या आसपास जाती आहेत!” चौकशी एका दमात म्हणाली. “पाण्यातले, झाडावरचे, वाळूतले, अंडी खाणारे, गोगलगायी खाणारे. मावशी सांगते, पूर्वी ज्या सापाला दुसरीकडे कुठे जागा सापडेना, त्याला या कुळात टाकायचे. आपल्या घरात एक खण असतो ना, किल्ल्या, सुतळी, बॅटऱ्या, सगळं त्यात? तसं! मग शास्त्रज्ञांनी तो खण पुन्हा पुन्हा आवरायला घेतला, अजूनही आवरतातच. कुळात सगळेच बिनविषारीही नाहीत. मांजऱ्याला आणि हरणटोळाला जबड्यात मागच्या बाजूला विषाचे दात असतात, सौम्य का होईना. आणि कवड्याच्या पेटीत आहे ती तर या कुळातलीच नाही! नागाच्या कुळातली मण्यार आहे!”

संचालकांनी टाय सरळ केला. “बाळ, पाटीवर काय छापलंय?”

“कवड्या. पण...”

“छापलंय ना? मग झालं. छापील म्हणजे पक्कं. आणि तुझी मावशी वेळेत आली नाही, तर मी स्वतः तो साप काढून पाहुण्यांच्या हातात देणार आहे. फोटो वर्तमानपत्रात येणार! जा आता, अंगणात खेळा.”

दार बंद झालं.

“अंगणात खेळा!” भोंग्या रागानं लाल झाला. “आता?”

“आता पाहुणे,” चौकशी म्हणाली.

प्रमुख पाहुणे होते देशोदेशी पदकं जिंकलेले वेटलिफ्टर. पेपरवाले त्यांना ‘पोलाद’ म्हणत, म्हणून मुलांच्या तोंडी ते पोलाददादा. दंड असे, की सदऱ्याच्या बाह्या शिवणीवर रडकुंडीला आलेल्या. ते वेळेआधीच आले होते आणि मुलांना सापडले व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपामागे. पाचवा पेला पाणी पीत होते आणि घामानं निथळत होते.

“दादा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

पोलाददादांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून कुजबुजले, “कुणाला सांगू नका हं. मी दोनशे किलो डोक्यावर उचलतो. पण मला गांडुळाचीसुद्धा भीती वाटते. आणि हे म्हणतात साप हातात घ्या! नाही म्हणायची लाज वाटली.”

“मग आमचं ऐका,” चौकशी म्हणाली. “तो साप खरंच विषारी आहे.”

पेला खाली पडला. “मग मी हा निघालो!”

“नाही, नाही! तुम्ही गेलात तर साहेब स्वतःच हात घालतील. आमचं कुणी ऐकत नाही. पण तुम्ही पेटीसमोर उभे राहिलात तर तुम्हाला हलवणार कोण?”

पोलाददादांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. “पेटीसमोर? म्हणजे, सापाकडे पाठ करून?”

“झाकण बंद आहे. काच जाड आहे,” मुंगी म्हणाली. “आठ मिलिमीटर. मी मोजलीय.”

पोलाददादांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, जसा ते वजन उचलण्याआधी घेत असावेत. “मावशी येईपर्यंत ना? चला. पण माझ्याशी कुणीतरी बोलत राहा.”

चार वाजले. दालन माणसांनी भरलं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. संचालकांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

“आता आपले पाहुणे या देखण्या कवड्याला हातात घेतील! जरा बाजूला होता का, मी पेटी उघडतो.”

“नाही,” पोलाददादा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे मी इथेच बरा आहे.”

लोक हसले. त्यांना वाटलं, पाहुणे गंमत करताहेत. संचालकांनी डावीकडून हात घातला, पोलाददादा डावीकडे सरकले. उजवीकडून घातला, उजवीकडे सरकले. सजावटकार काकांनी त्यांचा दंड धरून ओढून पाहिलं आणि स्वतःच घसरून बसले. पोलाददादांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते, पण पाय जमिनीत रोवल्यासारखे होते.

“आत्ता!” चौकशी म्हणाली.

भोंग्या खुर्चीवर चढला. त्याला माईक लागलाच नाही.

“लक्ष द्या! पाहुण्यांच्या आग्रहावरून कार्यक्रमात थोडा बदल! प्रश्न पहिला! या हिरव्या सापाचं नाव ‘अंडीखाऊ’ लिहिलंय. त्याच्या तोंडात हे अंडं कसं जाईल, हे सजावटकार काका सांगतील!”

सगळ्या माना पेटीकडे वळल्या. हरणटोळ अंड्यापासून जितकं दूर जाता येईल तितका दूर जाऊन काचेला चिकटला होता. हशा पिकला. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, “तो तर हरणटोळ आहे! आमच्या पुस्तकात आहे!”

“प्रश्न दुसरा!” चौकशी पुढे झाली. “या टबात बसलेल्या सापाला पाण्याबाहेर का यायचंय? कारण तो झाडावरचा रुका आहे! या दालनातल्या पाट्या लांबी बघून लावल्यात. एक अंडीखाऊ तेवढा सापडेना, तो कुठे आहे सांगा? ‘कुकरी’ सापाच्या पाटीखाली! त्याच्या तोंडात दात नावापुरतेच आहेत. अंडं आख्खं गिळतो, घशातल्या हाडांनी फोडतो आणि टरफल बाहेर टाकतो. आणि आता शेवटचा प्रश्न. या बाराव्या पेटीत कोण आहे?”

“कवड्या!” संचालक ओरडले. “आणि हा पोरखेळ बंद करा!”

मुंगी पुढे आली आणि तिनं लाल कागद त्यांच्या हातात दिला. संचालकांनी तो सरळ धरला, उलटा धरला. “ही तर किराणा मालाची यादी दिसतेय.”

“ते आईचं अक्षर आहे,” मुंगी म्हणाली, आणि ज्या मुलीचा आवाज वर्गातल्या दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे, तिनं सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं वाचलं : “‘मण्यार. अत्यंत विषारी. पेटी उघडू नये.’ खरा कवड्या मागच्या खोलीत आहे. कुणीही जाऊन बघा.”

संचालकांचा हात पोलाददादांच्या काखेखालून पेटीच्या झाकणापर्यंत पोचलेला होता. तो तिथेच थिजला.

इतक्यात दार धाडकन उघडलं. हनुवटीपासून डोक्यापर्यंत रुमाल बांधलेली, एक गाल लाडूसारखा फुगलेली मावशी गर्दीतून वाट काढत आली. तिनं पेटीकडे एक नजर टाकली. पोलाददादांच्या खांद्यावर थोपटून त्यांना बाजूला केलं, झाकणाच्या दोन्ही कड्या पक्क्या लावल्या, वरून जाड कापड टाकलं आणि पेटी अलगद उचलून मागच्या खोलीत नेली. कुलूप लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे दालनानं श्वास सोडला.

पोलाददादा मटकन खाली बसले. जमीन हादरली.

परत येऊन मावशीनं संचालकांकडे बोट रोखलं. “ए ओयं ओवअ ओई, अए ऊअई अआ अय अओओ!”

“ही पोरं बरोबर होती, असं म्हणतेय,” मुंगी म्हणाली. “पुढचं भाषांतर मी करत नाही.”

संचालकांनी टाय सैल केला. चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला होता. “पुढचं मला न सांगता कळलं,” ते म्हणाले. “मी छापील पाटी वाचली आणि मुलांचं ऐकलं नाही. अजून एक क्षण, आणि...” त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. मग लोकांकडे वळून म्हणाले, “उद्घाटन आज नाही, आठवड्यानंतर होईल. तोवर एकूण एक पाटी या तिघांच्या देखरेखीखाली बदलली जाईल. आणि शिडी मी धरीन.”

“आणि साप कुणाच्याही हातात द्यायचा नाही!” पोलाददादा जमिनीवरूनच म्हणाले. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यालाच पडल्या.

सजावटकार काका मात्र कोपऱ्यात कान धरून उभे होते. “मी ती पेटी छातीशी धरून आणली हो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “वर म्हटलं, किती गुणी!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, संग्रहालयाची जीप जंगलाच्या कडेला थांबली. मावशी, तिघं मुलं आणि हट्टानं बरोबर आलेले पोलाददादा. ते जीपच्या टपावर चढून बसले होते आणि टप मधोमध खचला होता.

मावशीनं लांब आकड्यानं पेटीचं झाकण सरकवलं आणि सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं. मुंगीनं ती मोजली. मण्यार थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग डोकं वर आलं, आणि निळसर काळं, चकचकीत अंग पांढरे पट्टे मिरवत पानांवरून वाहत गेलं.

“किती सुंदर आहे गं,” चौकशी पुटपुटली. “मावशी, आम्ही तिला काल किती घाबरलो!”

“तिला त्याचं काही नाही.” मावशीचा गाल आता उतरला होता, शब्द जरा बोबडे पण कळण्याजोगे येत होते. “चूक माझीही होती. असा कागद कुणाला वाचता येणार? आजपासून माझ्या पेट्यांवर मुंगीचं अक्षर. आणि ऐका, काल कुणाला काही झालं असतं तर गर्दीनं हिलाही सोडलं नसतं. एका दुपारी तुम्ही दोन जीव वाचवलेत. एक साहेबांचा आणि एक हिचा. पंधरा वर्षं मी हे काम करतेय, पण हात पाठीमागे ठेवून, नुसतं डोळ्यांनी बघून साप ओळखणारी माणसं मला फार थोडी भेटली. मोठ्यांतसुद्धा!”

भोंग्या, चौकशी आणि मुंगीनं नकळत पुन्हा हात पाठीमागे नेले.

टपावरून आवाज आला, “गेली का हो?”

“गेली, दादा!”

“नक्की ना?” पोलाददादांनी एक पाय खाली सोडला, मग पुन्हा वर घेतला. “मी म्हणतो, परत जातानाही मी इथेच बसतो. वारा छान येतोय.”